दुखत नाही जी!

ड्रेसिंगच्या खोलीत माणूस आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दुखते का?" उत्तरं दोनच. एक, "लय ठणकते जी सिस्टर," हे जरा ओशाळून, खाली मान घालून. दुसरं, "काही नाही दुखत जी," हे छाती काढून. सोबत आलेली बायको किंवा आई पहिल्या उत्तराने घाबरायची आणि दुसऱ्याने निश्चिंत व्हायची. माझं नेमकं उलटं व्हायचं. ठणकते म्हणणाऱ्याची पट्टी मी गप्पा मारत सोडायचे. दुखत नाही म्हणणाऱ्यासाठी मात्र स्टूल पुढे ओढायचे, चष्मा पुसायचे आणि दिवा जवळ घ्यायचे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा भागात सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. या मुलखात जखमांना हंगाम असतात, ते आम्हाला कॅलेंडर न बघता कळायचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच्या अंधारात रानात जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. अस्वल चवताळलं की तोंडावर आणि डोक्यावर येतं. रानडुक्कर खालून मांडी फाडतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत काटे, ठेचा, खुंट लागलेले पाय. पावसात रोवणी सुरू झाली की चिखल्या आणि चिखलात न दिसलेल्या काचेचे काप. दिवाळीनंतर धान कापणीला विळा लागतो तो बहुधा डाव्या हाताच्या बोटांना, कारण उजव्या हातात मूठ असते. कुऱ्हाडीचा घाव नडगीवर. बांबूच्या कामट्या काढणाऱ्याच्या तळहातावर बारीक, खोल चिरा. दिसतात एवढ्याशा, पण आत कुसळ राहिलेलं असतं.

प्रत्येक जखमेचं कारण वेगळं, पण आतलं काम एकाच क्रमाने चालतं. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फुटला तर शेतकरी काय करतो? आधी हाताला येईल तो चिखल-गवत कोंबून पाणी थांबवतो. मग आत वाहून आलेला कचरा काढतो. मग नवी माती टाकतो, आणि पुढे कित्येक दिवस ती चोपून पक्की करत राहतो. शरीरही हेच करतं. फरक इतकाच की शेतकऱ्याला फुटलेला धुरा दुसऱ्या कोणी दाखवला तरी चालतं. शरीराच्या मालकाला तो दाखवायचं काम दुखण्याचं असतं.

विळा लागला की त्या क्षणी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यांची फाटलेली कड उघडी पडते आणि तिथे प्लेटलेट चिकटू लागतात. रक्ताच्या एका थेंबात त्या साधारण कोटीभर असतात. आयुष्य आठ-दहा दिवसांचं, अंगात धड केंद्रसुद्धा नसतं, पण फुटल्या जागी एकमेकींना धरून त्या बूच तयार करतात. पाठोपाठ रक्तातल्या एका विरघळलेल्या प्रथिनाचे धागे बनतात, त्यांना फायब्रिन म्हणतात. या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि रक्त गोठतं. हे सगळं काही मिनिटांत होतं. आपल्याला फक्त स्वच्छ कापड ठेवून दाबून धरायचं असतं, आणि दर अर्ध्या मिनिटाने उचलून "थांबलं का?" असं बघायचं नसतं. तेवढंच लोकांना जमत नाही. उचललं की बूच निघतं आणि पहिल्यापासून सुरू.

याच प्लेटलेट आणखी एक काम करतात. त्या रसायनं सोडून बाकीच्या पेशींना बोलावतात. तासाभरात जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकू लागते. रोमच्या सेल्ससने 2000 वर्षांपूर्वी हीच चार लक्षणं लिहून ठेवली होती. जवळच्या रक्तवाहिन्या आता मुद्दाम रुंद होतात आणि त्यांच्या भिंती सैल पडतात, म्हणून लाली आणि उष्णता. रक्तातलं पाणी आणि पेशी बाहेर झिरपतात, म्हणून सूज. सुजेच्या ताणाने आणि तिथे सुटलेल्या रसायनांनी मज्जातंतू चाळवतात, म्हणून ठणका. पेशंट याच चार गोष्टींची तक्रार घेऊन येतो आणि याच चार गोष्टी कामाला सुरुवात झाल्याचा पुरावा असतात. मी सांगायचे, "सुजलं नसतं तर मीच तुम्हाला चंद्रपूरला पाठवलं असतं." काही जण हसायचे, काहींना ही बाई येडी आहे असं वाटायचं.

सुजेच्या आत काय चाललेलं असतं ते पहिल्यांदा एका काट्यामुळे कळलं. 1882 साली रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होता. त्याने समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक काटा टोचला. काटा घराच्या बागेतला होता. त्याच बागेत घरातल्या मुलांसाठी नाताळचं झाड सजवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर फिरत्या पेशींनी काट्याला चहूबाजूंनी घेरलं होतं. या कामासाठी 1908 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे तेंदूच्या दिवसांत हा प्रयोग शेकडो पायांवर रोज होतो, बघायला कोणी नसतं एवढंच.

माणसात आधी येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. काही तासांत पोहोचतात, पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी असते. त्या जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात. या अंगाने मोठ्या. मेलेल्या पेशी, जंतू, घाण सगळं खाऊन जागा साफ करतात आणि मग नवीन बांधकामाची वर्दी देतात. साफसफाई झाल्याशिवाय बांधकाम सुरू होत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका उतरायला हवा. उतरलेला ठणका पुन्हा चढला, लाली पसरू लागली, ताप आला, तर आत जंतूंचा जोर झाला आहे असं समजायचं.

आता घरगुती औषधांविषयी. दवाखान्यात येईपर्यंत जखमेवर काय काय पाहिलं मी! चुना, राख, शेण, कोळ्याचं जाळं, चहापत्ती, बिडीतला तंबाखू, कुत्रा चावला असेल तर तिखट. कंबरमोडीचा पाला चुरून लावणारे तर घरोघरी. त्या पाल्यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही, प्रयोगशाळेत उंदरांवर त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत. पण पाला तोडायचा धुऱ्यावरून, चुरायचा मळक्या हाताने आणि भरायचा उघड्या मांसात, यात औषध थोडं आणि माती जास्त जाते.

हळदीचं तर विचारूच नका. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठातल्या दोघांना पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली हे ज्ञान भारतात जुनंच असल्याचे पुरावे काढून दाखवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला या लढाईचा अभिमान आहे. पण ती लढाई हळद कोणाची याची होती. गिरणीवरून आलेली, डब्यात वर्षभर पडलेली पूड कुऱ्हाडीच्या घावात कोंबावी असं त्यात कोणी म्हटलेलं नाही. ती पूड मला चिमट्याने कणकण काढावी लागायची आणि माणूस ओरडायचा तो जखमेमुळे नाही, माझ्या चिमट्यामुळे.

शहाणपणाचं औषध पाणी आहे. पिण्याजोगं स्वच्छ पाणी, भरपूर, धारेने. फेस येणारं औषध ओतलं की लोकांना समाधान वाटतं, पण तो फेस जंतूंबरोबर नव्या कोवळ्या पेशीही मारतो. कुत्रा, माकड, कोल्हा, कोणीही चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं, आणि मग रेबीजच्या इंजेक्शनांसाठी दवाखाना. अशी जखम लगेच का शिवत नाहीत, म्हणून नातेवाईक भांडायचे. दातांनी जंतू खोलवर नेलेले असतात, वरून शिवलं की ते आत कोंडले जातात.

धनुर्वाताचंही तेच. त्याचे जंतू शेणात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि जिथे हवा पोहोचत नाही तिथे वाढतात. मोठी, भळभळती जखम माणसाला दवाखान्यात आणते. खिळा किंवा खुंट रुतून पडलेलं बारीक भोक दोन दिवसांत मिटतं, दुखायचं थांबतं, आणि साधारण आठवड्याने जबडा अडकायला लागतो. म्हणून ते इंजेक्शन. पूर्वी टीटी होतं, आता टीडी म्हणतात, त्यात घटसर्पाचीही लस असते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला या कामात खरी मजा यायची. पट्टी सोडली की तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायचं. नुसतं गॉज लागलं तरी त्यातून रक्त येतं, कारण ते जवळजवळ सगळं नव्या केशवाहिन्यांचंच बनलेलं असतं. पेशंटला ते रक्त बघून धडकी भरायची. आम्ही एकमेकींना हाक मारून दाखवायचो. कडेने गुलाबी-निळसर पातळ किनार आत सरकताना दिसते, ती नवी कातडी. कडेच्या पेशी एकमेकींवरून ओल्या जमिनीवर सरकत मध्यभागाकडे येतात. शिवाय जखमेतल्या काही पेशी आकसून कडाच जवळ ओढतात, म्हणून रुपयाएवढी जखम भरल्यावर व्रण चवलीएवढाच राहतो.

ओल्या जमिनीवर, हे महत्त्वाचं. "सिस्टर, मोकळी ठेवू का, वाळू द्या," हे वाक्य मी किती ऐकलं असेल. 1962 मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटरने डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्यावर वाळवलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. खपली धरली तर नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. आणि खपली उचकटली की त्या पेशीही तिच्याबरोबर निघतात. साठ वर्षं झाली या गोष्टीला, अजून गावात पोहोचते आहे.

मग टाके निघतात आणि घरी सगळ्यांना वाटतं, झालं. इथे मला कळकळीने सांगायचं आहे. आठवड्याने त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या शंभरात जेमतेम तीन भाग असते. तीन आठवड्यांनी वीसेक. तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास, आणि पुढे कधीच शंभर होत नाही. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घाईघाईने, कसेही टाकलेले असतात. ते मोडून, ताणाच्या दिशेने पुन्हा विणून पक्के करायचं काम वर्षभर चालतं. व्रण आधी लाल-जाडसर असतो आणि मग फिका-सपाट होतो तो यामुळेच. आणि हे काम खरं तर कधीच संपत नाही. 1741 च्या सुमारास इंग्रज कप्तान अॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीची साथ होती. तेव्हा एका खलाशाची 50 वर्षांपूर्वी, 1690 च्या बॉइनच्या लढाईत झालेली आणि कधीच भरलेली जखम पुन्हा उघडली, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. जुना व्रणही रोज थोडा झिजतो आणि रोज थोडा नव्याने विणला जातो. विणायला क जीवनसत्त्व लागतं, ते महिनोन्महिने मिळालं नाही की नुसती झीज उरते. आपल्या रानात आवळा आहे, आंगणात लिंबू आहे, तरी जखम झाली की पहिला नियम काय तर आंबट बंद! डाळ, अंडं, मासळीही बंद, "पू धरते" म्हणून. ज्या दिवसांत शरीराला प्रथिनं सगळ्यात जास्त हवीत त्या दिवसांत माणूस भाताच्या पेजेवर. या एका समजुतीशी मी जितकी भांडले तितकी कशाशीच नाही.

खर्ऱ्याशीही भांडले, पण तिथे हरले. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या तळाला रक्त कमी पोहोचतं. पट्टी होईपर्यंत बाहेर जाऊन खर्ऱ्याची पन्नी घोटून येणारे पेशंट होते आमचे.

एवढं सगळं जागच्या जागी असेल तर जखम भरतेच. बिघडतं कुठे? सिकलसेल असलेल्या माणसाच्या घोट्याजवळ जखम झाली तर ती महिनोन्महिने रेंगाळते, कारण वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बराच आहे. ही जखम भयंकर दुखते, म्हणजे दुखणं असलं की सगळं ठीक, असा सरसकट नियम करता येत नाही हेही सांगते. मधुमेहात रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही मंदावतात. आणि कुष्ठरोगात संवेदना जातेच.

"दुखत नाही जी" या उत्तराला मी दचकायला शिकले ते कुष्ठरोग्यांमुळे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. हात, पाय, चेहरा इथल्या मज्जातंतूंत तो वर्षानुवर्षं राहतो. तळपाय बधिर होतो. मग खडा टोचला तरी कळत नाही, चुलीतला निखारा कळत नाही, चपलेचा खिळा वर आलेला कळत नाही. आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी 1949 मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये घेऊन ज्या कामाला सुरुवात केली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. तेव्हा लोकांची पक्की समजूत होती की कुष्ठरोग्याचं मांसच सडतं, बोटं आपोआप गळून पडतात. डॉक्टरही त्याचं मांस भरून येत नाही असं मानायचे.

हे खोटं ठरवलं ते वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी. भारतातच जन्मलेले हे इंग्रज शल्यविशारद 1946 मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी रोग्यांचा एकेक घाव कुठून आला याचा तपास केला. कोणी तापलेलं भांडं हाताने उचललं होतं, कोणी गंजलेल्या कुलपात किल्ली हाडापर्यंत रुतेतोवर पिळली होती. काहींची बोटं रात्रीत कमी व्हायची, त्याचं कारण निघालं उंदीर. झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग रोग्यांना मांजरं दिली गेली. तळपायाच्या जखमेवर ब्रँड यांनी पायाला प्लास्टर घालून पाहिलं. औषध बदललं नाही, फक्त जखमेवरचा भार काढला आणि हलवाहलव थांबवली. काही आठवड्यांनी प्लास्टर कापलं तर खाली जखम भरलेली! मांस चांगलंच होतं. ते रोज भरत होतं आणि माणूस रोज त्यावर चालून ते मोडत होता, कारण लंगडायला लावणारं दुखणंच त्याच्याकडे नव्हतं. तुम्हा-आम्हाला तळपायाला साधा फोड आला तरी आपण टाच उचलून चालतो, नकळत. त्या लंगडण्याची किंमत मला हे वाचल्यावर कळली.

म्हणून बधिर पायाच्या माणसाला आम्ही डोळ्यांनी दुखायला शिकवायचो. रोज संध्याकाळी, उजेडात, दोन्ही तळवे बघायचे; स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगायचं. लाल डाग, गरम जागा, फोड दिसला की दुसऱ्या दिवशी त्या पायाला सुट्टी. 20 मिनिटं साध्या पाण्यात पाय, मग जाड कातडी दगडाने हळू घासायची, ओल्यावरच तेल. मऊ रबराच्या एमसीआर चपला सरकारकडून मिळतात, त्या घरातही घालायच्या.

हे सगळं ऐकून घेतल्यावर एक बाई मला म्हणाली, "चप्पल रोवण्यात रुतते जी सिस्टर. अन् घरी बसलो तं मजुरी कोन देते?" गमबूट सांगावेत तर त्यात पाणी शिरून पाय दिवसभर भिजतो आणि घासतो. शेवटी तिच्या मुकडदमाला मीच निरोप धाडला की रोवणीच्या ओळीत न लावता हिला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला, पाटावर बसून करायच्या कामाला लावा. तो हंगाम तिचा पाय शाबूत राहिला. पुढच्या वर्षी मुकडदम बदलला होता.